व्यस्त प्रसामान्य मूल्य : संभाव्यतेवरून मूल्य काढणे

एखादी राशी प्रसामान्य वितरण (मध्ये उंच आणि दोन्ही बाजूंना सारखा उतरणारा, घंटेच्या आकाराचा वक्र) पाळते आणि तिची सरासरी व प्रमाण विचलन (मूल्ये सरासरीभोवती किती पसरली आहेत याचे माप) माहीत आहे, अशा वेळी वक्राखालचे ठरावीक क्षेत्रफळ कोणत्या मूल्यापाशी पूर्ण होते हे शोधण्याची संख्याशास्त्रीय रीत. नेहमीच्या उदाहरणात मूल्य दिलेले असते आणि त्याच्या खाली किती टक्के निरीक्षणे येतील ते काढायचे असते. इथे टक्केवारी आधी ठरते आणि मूल्य मागून येते. मर्यादा आखणे, पात्रतेची रेघ ओढणे, सुरक्षिततेसाठी किती वाव ठेवायचा ते ठरवणे ही सगळी कामे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे व्यवहारात उलटे गणितच जास्त लागते, पाठ्यपुस्तकात मात्र त्याला सुलट्याच्या मागे एखादे पान मिळते.

सूत्र एका ओळीचे आहे : मूल्य = सरासरी + (झेड × प्रमाण विचलन). झेड म्हणजे सरासरी ० आणि प्रमाण विचलन १ असलेल्या प्रमाणित वक्रावरचे, दिलेल्या क्षेत्रफळाशी जुळणारे स्थान. खरे काम झेड मिळवण्याचे. वक्राच्या समीकरणाचे संकलन प्राथमिक फलनांत लिहिता येत नाही, म्हणून त्याच्या व्यस्त फलनालाही नेटके सूत्र नाही. कोष्टक किंवा संगणक यांवाचून गत्यंतर नाही.

कोष्टक उलट्या दिशेने वाचायचे असते. समासात झेड आणि आतल्या चौकटींत क्षेत्रफळ छापलेले असते, आपण ०.९५ आत शोधतो आणि समासाकडे येतो. नेमके ०.९५०० तिथे सापडत नाही. १.६४ समोर ०.९४९५ आणि १.६५ समोर ०.९५०५ असते, म्हणून मधला १.६४५ धरतात. काही कोष्टकांत क्षेत्रफळ शून्यापासून मोजलेले असते, तिथे ०.९५ ऐवजी ०.४५ शोधावे लागते. डावीकडचे क्षेत्रफळ की उजवीकडचे, हा गोंधळही नेहमीचा. ‘वरचे १० टक्के’ म्हटले की डावीकडे ०.९० उरते आणि झेड १.२८२ येतो; ‘खालचे १० टक्के’ म्हटले की तोच आकडा ऋण होतो. ‘मधले ९५ टक्के’ हवे असतील तर उरलेले ५ टक्के दोन्ही टोकांना वाटले जातात, म्हणून ०.९७५ पाहायचे आणि उत्तर १.९६. आधी वक्र काढून हवा तो भाग रेखाटला, तर यातल्या बहुतेक चुका टळतात. परीक्षेत तेवढा वेळ नक्की असतो.

इतिहासात या उलट्या कोष्टकाला स्वतंत्र स्थान आहे. वक्र अब्राहम द मुआव्र यांनी १७३३ मध्ये मांडला आणि गाउस यांनी १८०९ मध्ये तो निरीक्षणांतील चुकांना लावला, पण टक्केवारीकडून मूल्याकडे जाण्याची सवय लावली ती मुख्यतः फ्रान्सिस गॉल्टन यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. माणसांची उंची किंवा ताकद मोजताना त्यांना प्रत्येकाचा आकडा नको होता, रांगेतले स्थान हवे होते. संख्याशास्त्रज्ञ शेपर्ड यांनी १९०७ मध्ये हजारातल्या प्रत्येक हिश्श्यासाठी झेडचे कोष्टक छापले. संख्याशास्त्रज्ञ फिशर यांच्या १९२५ च्या ग्रंथातले प्रसामान्य वितरणाचे कोष्टकही याच उलट्या मांडणीचे होते. दोन्ही टोके मिळून वीसात एक अशा संभाव्यतेला १.९६, म्हणजे जवळजवळ २, हे तिथूनच संशोधकांच्या अंगवळणी पडले.

आज विचुरा यांची १९८८ ची पद्धत सुमारे १६ अंकांपर्यंत बरोबर झेड देते. ‘आर’ या संख्याशास्त्रीय प्रणालीत तीच वापरली जाते. एक्सेलमध्ये ‘नॉर्म डॉट इन्व्ह’ या फलनाला संभाव्यता, सरासरी आणि प्रमाण विचलन या क्रमाने तीन आकडे द्यावे लागतात. संभाव्यता नेहमी डावीकडची, हे विसरून चालत नाही.

भारतात हे गणित रोज वापरले जाते ते बांधकामाच्या साईटवर, पण तिथे त्याला या नावाने कोणी हाक मारत नाही. आय.एस. ४५६ : २००० या काँक्रीटच्या भारतीय मानक संहितेनुसार काँक्रीटची वैशिष्ट्यपूर्ण ताकद म्हणजे ज्या आकड्याच्या खाली चाचणीचे ५ टक्क्यांहून अधिक निकाल जाणे अपेक्षित नाही तो आकडा. एम २५ प्रतीत हा आकडा २५ न्यूटन प्रति चौरस मिमी, १५० मिमीच्या क्यूबवर, २८ दिवसांनी. मिक्स डिझाईन (काँक्रीटमधल्या घटकांचे प्रमाण ठरवणे) करणाऱ्याने सरासरीच २५ धरली तर निम्मे क्यूब नापास होतील. म्हणून प्रश्न पुन्हा एकदा उलटतो : खालचा ५ टक्क्यांचा बिंदू २५ वर ठेवायचा आहे, तर सरासरी किती हवी? झेड −१.६४५, म्हणजे सरासरी २५ च्या वर १.६४५ प्रमाण विचलनांवर हवी; संहितेत हा आकडा १.६५ असा पूर्णांकित केला आहे. एम २५ साठी गृहीत प्रमाण विचलन ४, म्हणून लक्ष्य सरासरी २५ + १.६५ × ४ = ३१.६. साईटवरचे नियंत्रण ढिले असेल आणि प्रमाण विचलन ६ निघाले तर लक्ष्य ३४.९ वर जाते आणि सिमेंटचा खर्चही चढतो. उलट काटेकोर प्लँटवर ते ३ पर्यंत आले तर २९.९५ पुरायला हवे, पण आय.एस. १०२६२ या मिक्स डिझाईनच्या मानकाच्या २०१९ च्या आवृत्तीने इथे तळ घातला आहे. एम २५ साठी किमान ५.५ ची भर, म्हणजे ३०.५ खाली उतरता येत नाही. गृहीत आकडा सोडून स्वतःचे प्रमाण विचलन वापरायचे तर निदान ३० चाचण्यांचे निकाल हाताशी लागतात. अट रास्तच आहे, कारण पाच-सात क्यूबांवरून काढलेले प्रमाण विचलन फार डळमळीत असते आणि १.६५ ने गुणल्यावर तो डळमळीतपणा आणखी वाढतो.

दुसरे ठळक उदाहरण अंगणवाडीतल्या उंचीच्या तक्त्यांमागचे. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मानकांसाठी सहा देशांतील मुलांची मोजमापे घेतली होती. त्यांत भारतातून दिल्लीची मुले होती. पाच वर्षे पूर्ण झालेल्या मुलग्यांची मध्य उंची ११०.० सेमी आणि प्रमाण विचलन सुमारे ४.६३ सेमी आहे. त्यावरून ३ टक्क्यांची रेघ (झेड −१.८८१) साधारण १०१ सेमीवर, तर १५ टक्क्यांची (झेड −१.०३६) १०५ सेमीवर येते. वाढ खुंटल्याची सीमा मात्र टक्केवारीने न ठरवता सरळ झेड −२ ने ठरवली आहे, ती १००.७ सेमी. याचा अर्थ मानकातल्या निरोगी मुलांपैकीही सुमारे २.३ टक्के या रेघेखाली असतात. एकट्या मुलाचा आकडा पाहून घाबरण्यापेक्षा गावातल्या मुलांपैकी किती टक्के रेघेखाली आहेत हे पाहणे म्हणूनच अधिक बोलके ठरते.

दोन टक्केवाऱ्या आणि त्यांची मूल्ये दिली तर सरासरी व प्रमाण विचलन ही दोन्ही अज्ञाते सुटतात. १० टक्के परीक्षार्थी ४० च्या खाली आणि ५ टक्के ७५ च्या वर असतील, तर या दोन गुणांमधले ३५ चे अंतर (१.२८२ + १.६४५) प्रमाण विचलनांइतके असते. प्रमाण विचलन सुमारे १२.० आणि सरासरी ५५.३. एमएचटी-सीईटीच्या पर्सेंटाइलमध्ये मात्र हा वक्र शोधू नये. तिथे त्याच सत्रातल्या किती परीक्षार्थींना तेवढे किंवा त्याहून कमी गुण मिळाले ते सरळ मोजतात. गुणांचे वितरण कसेही असले तरी पर्सेंटाइल निघतो.

टोकांकडे ही रीत नाजूक होत जाते. संभाव्यता ०.५० वरून ०.५१ केली तर झेड जेमतेम ०.०२५ ने सरकतो, ०.९८ वरून ०.९९ केली तर २.०५४ वरून २.३२६, म्हणजे जवळपास अकरापट उडी. टोकाच्या टक्केवारीत थोडीशी चूक झाली तरी मूल्य बरेच हलते. शिवाय तिथे निरीक्षणेच विरळ असल्याने राशी खरोखर प्रसामान्य आहे की नाही याची परीक्षाही नीट होत नाही. मधल्या भागात छान जुळणारा वक्र ‘लाखात एक’ची पातळी सांगताना साफ चुकू शकतो.

वितरण एका बाजूला कललेले असेल तर सूत्र जसेच्या तसे लावता येत नाही. वर सांगितलेल्या मानकांतही उंचीसाठी साधे प्रसामान्य वितरण पुरले, वजनासाठी आधी घात-रूपांतर (आकड्यांना ठरावीक घात देऊन कल काढणे) करावे लागले. उत्पन्नासारख्या राशींत अनेकदा लॉगॅरिथम घेऊन, झेडने मूल्य काढून, ते परत मूळ मापावर आणतात. लॉगॅरिथमने लहानमोठेपणाचा क्रम बदलत नाही, त्यामुळे शततमक (पर्सेंटाइल) या फेऱ्यात अबाधित राहतो. सरासरी तशी राहत नाही, ती वेगळी काढावी लागते.