रडणे ही भुकेची उशिराची खूण

‘रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही’ ही म्हण नाशिकमध्ये पंचवटीपासून नाशिकरोडपर्यंत लसीकरणाच्या रांगेत बसलेल्या आज्यांच्या तोंडी आजही सहज येते. व्यवहारात ती खरी असेलही, परंतु तान्ह्या बाळाच्या बाबतीत तिच्यावर विसंबणे योग्य नाही, कारण भूक लागल्यावर बाळ आधी चुळबुळते, ओठ चाटते, मूठ तोंडाशी नेते, मान वळवून तोंडाने शोध घेते आणि एवढ्यावरही कोणी दखल घेतली नाही तरच रडते.

तोंडाने घेतलेला हा शोध ही एक प्रतिक्षिप्त क्रिया असून ती गर्भारपणाच्या साधारण ३२ व्या आठवड्यापासून दिसू लागते. ओठाच्या कोपऱ्याजवळ गालाला स्पर्श झाला, की तो संदेश ट्रायजेमिनल या पाचव्या मस्तिष्क तंत्रिकेतून मस्तिष्कस्तंभात, म्हणजे मेंदूला मज्जारज्जूशी जोडणाऱ्या भागात, पोहोचतो. तेथून मानेच्या, जबड्याच्या आणि जिभेच्या स्नायूंना आज्ञा जाते, आणि मान त्या बाजूला वळते, तोंड उघडते, जीभ खाली व पुढे येते. स्तन नीट धरण्यासाठी जिभेची नेमकी हीच स्थिती लागते. जोरात रडणाऱ्या बाळाची जीभ मात्र वर उचललेली असते, म्हणूनच त्याला आधी शांत करावे लागते. फिलिप रोशा आणि सुझन हेस्पॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली दाखवले, की गालाला स्वतःचा हात लागला तर नवजात बाळ दुसऱ्याच्या बोटाला देते त्यापेक्षा कमी प्रतिसाद देते. जन्मून काही तासच झालेल्या जिवाला ‘हा माझाच हात’ एवढे कळावे, हे मला फार विलक्षण वाटते.

साधारण चौथ्या महिन्यानंतर मेंदूचे बाह्यक, म्हणजे हालचालींवर ताबा ठेवणारा त्याचा बाहेरचा थर, परिपक्व होऊ लागते आणि ही क्रिया ओसरते. त्यानंतर तोंडात गेलेली मूठ भुकेचीच असेल असे नाही. बाळ तोंडाने वस्तू ओळखत असते. सहा महिन्यांनंतर नाचणीची पेज पाहून ते चमच्याकडे झेपावते, आणि पोट भरले की ओठ मिटून तोंड फिरवते. तेव्हा ‘एवढा एकच घास’ म्हणून आग्रह करू नये.

रडण्याचा अर्थ सांगण्याचा दावा करणारी मोबाइल ॲप आणि मीठ-मोहरीने काढलेली दृष्ट यांत मला फारसा फरक वाटत नाही. दूध पुरते की नाही ही शंका असेल, तर पहिल्या आठवड्यानंतर दिवसाला किमान सहा लंगोट ओले होतात का आणि वजन वाढते का, हे पाहावे.