क्लॅरिनेटची जवारी

ऐन लग्नसराईत, मे महिन्यात, आमच्या गल्लीतला बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारा मुलगा वाद्याची पेटी घेऊन दारात उभा राहिला. वाद्याला काळा दोरा बांधलेला. वरातीत सूर लावला की मध्येच वाद्य किंचाळतं, वरच्या सप्तकातले सूर तर धरतच नाहीत, असं तीन आठवडे चाललेलं. रीडचं, म्हणजे फुंकताना कंप पावणाऱ्या पातळ पट्ट्यांचं, एक आख्खं खोकं संपवून झालं होतं. "काका, बँडमधले सगळे म्हणतात नजर लागलीय. नाहीतर मग नवीन क्लॅरिनेटच घ्यावं लागेल."

माउथपीस, म्हणजे तोंडात धरून फुंकायचा टोकाचा तुकडा, हातात घेतला आणि अर्धा उलगडा तिथेच झाला. काळा कुळकुळीत असायला हवा तो शेवाळी-तपकिरी पडला होता, नाकाशी धरला तर गंधकाचा वास. घरी कुणीतरी स्वच्छतेच्या काळजीने तो कडकडीत गरम पाण्यात टाकून धुतला होता.

क्लॅरिनेटचे चांगले माउथपीस बहुतेक एबोनाइटचे असतात. रबरात पाव ते एक-तृतीयांश गंधक मिसळून ते तापवत ठेवलं की लाकडासारखं टणक होतं, ते एबोनाइट. जुन्या फाउंटन पेनांचं काळं अंग याचंच. कानशीने घासायला गोड, पण उष्णतेने ते नरमतं आणि नरमलेलं थंड होताना जरासं वाकडं बसू शकतं. हे 'जरासं' किती? केसाच्या जाडीपेक्षाही कमी. आणि तेवढ्यात वाद्य बिघडतं, कारण सगळा खेळच तिथे आहे.

माउथपीस उलटा करून पाहिला तर खाली एक सपाट बैठक दिसते, तिला टेबल म्हणतात. पुढे एक लांबट खिडकी आणि खिडकीच्या दोन बाजूंना दोन अरुंद कडा. रीड टेबलावर बसते आणि लिगेचरने, म्हणजे भोवतीच्या पट्ट्याने, आवळली जाते. रीड म्हणजे बोरूसारख्या पोकळ कांडाच्या गवताची तासलेली पट्टी, टोकाला कागदासारखी पातळ. टेबल सरळ, पण पुढच्या दोन कडा टोकाकडे जाताना रीडपासून हळूहळू दूर वळतात. या वळणाला फेसिंग म्हणतात. अगदी टोकाला रीड आणि माउथपीस यांच्यात फट उरते ती साधारण १ ते १.२ मिलिमीटर. वादकाची सगळी हवा त्या फटीतूनच आत जाते.

या वळणाचा आकार डोळ्यांसमोर आणायचा असेल तर स्वयंपाकघरातली कणीक मळायची मोठी परात घ्या, ४० सेंटिमीटर व्यासाची. तिच्या काठाचा बोटाच्या एका पेराएवढा तुकडा कापला तर तो जितका वळलेला दिसेल, तितकंच हे फेसिंग वळलेलं असतं. नुसत्या डोळ्याला ते सरळच वाटतं.

तंबोरा जवळून पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल. तंबोऱ्याची घोडी वरून सपाट दिसते, पण कारागीर तिला तारेच्या दिशेने अगदी मंद उतार देतो. तार कंप पावताना त्या उतारावर टेकत-सुटत राहते आणि त्यातून तो झणकारणारा, भरलेला नाद येतो. हीच जवारी. मिरजेतले कारागीर कानस आणि पॉलिश पेपर घेऊन तासन् तास बसतात ते या उतारासाठी. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर निबंध लिहिला, त्यात या घोडीचं कोडं मांडलं. तार बरोबर मध्यावर छेडली तर काही स्वरांश, म्हणजे मूळ सुरात मिसळलेले वरचे सूर, उमटायलाच नकोत असा पाठ्यपुस्तकातला नियम होता, आणि तंबोऱ्यात ते खणखणीत ऐकू येत होते. याचं कारण घोडीच्या वळणात होतं.

माझं म्हणणं असं की माउथपीसचं फेसिंग ही रीडची जवारी आहे. तिथे तार वळणावर टेकते, इथे रीड.

आता हे नेमकं कसं घडतं ते पाहू. एका टोकाला पकडलेली पट्टी किती ताठ वागेल हे तिच्या मोकळ्या लांबीवर ठरतं. पट्टी सारख्या जाडीची असेल तर लांबी निम्मी केली की ताठपणा आठपट होतो. शाळेतली स्टीलची पट्टी टेबलाच्या कडेला दाबून, बाहेर काढलेला भाग कमी-जास्त करून टंकारून पाहा, लगेच कळेल. माउथपीसवर हे आपोआप होतं. रीड आत वाकू लागली की आधी टेबलाजवळचा भाग कडांना टेकतो, मग पुढचा, मग त्याच्या पुढचा. मोकळी लांबी कमी होत जाते आणि रीड क्षणाक्षणाला ताठ होत जाते. ट्रकचे पाटे आठवा. माल कमी असताना वरचेच पाटे काम करतात आणि बोजा वाढला की खालचे जाड पाटे मदतीला येतात. वळण मंद आणि अखंड असेल तर रीड फट हळुवार मिटते, एखाद्या ठिकाणी उंचवटा असेल तर तिथे अडते.

फुंकणाऱ्याच्या बाजूने पाहू. तोंडातला दाब वाढवला की दोन गोष्टी एकदम होतात. हवा जोरात आत घुसू पाहते आणि तोच दाब रीडला आत ढकलून फट अरुंद करतो. सुरुवातीला पहिली गोष्ट जिंकते आणि प्रवाह वाढतो. मग दुसरी जिंकू लागते आणि दाब वाढवूनही प्रवाह घटतो. फट पूर्ण बंद करायला लागणाऱ्या दाबाच्या साधारण एक-तृतीयांशाला हा पालट होतो आणि तिथून पुढे वाद्य बोलू लागतं. एरवी नळीतली कंपनं घर्षणाने विरून जातात. पण दाब वाढला की प्रवाह घटतो, अशा पट्ट्यात रीडची ही झडप नळीतल्या प्रत्येक हेलकाव्याला थोडी थोडी ऊर्जा परत देते. नळीतून परतणारी दाबाची लाट रीडला उघडते, हवेचा एक घोट आत येतो, लाट पुन्हा जाते, रीड मिटते. ४४० हर्ट्झचा सूर असेल तर सेकंदाला ४४० वेळा. या गणिताचं आज जे सर्वांत साधं रूप वापरतात, त्याला क्लॅरिनेटच्या अभ्यासकांनी रामन यांचं नाव दिलंय. रामन यांनी ते गजाने वाजणाऱ्या तारांसाठी मांडलं होतं.

दाब किती लागतो याचा अंदाज घरी घेता येतो. बादलीत नळीचं टोक ३० सेंटिमीटर खोल बुडवा आणि बुडबुडे निघेपर्यंत फुंका. क्लॅरिनेट वाजवताना साधारण तेवढा जोर लावून धरावा लागतो, आणि तोही वरातीच्या अख्ख्या रस्त्याभर.

किंचाळण्याचं कारणही इथेच सापडतं. रीडला स्वतःचीही एक कंपनसंख्या असते, नळीच्या सुरांपेक्षा बरीच वर, दोन-तीन हजार हर्ट्झच्या आसपास. वादकाचा खालचा ओठ तिला शांत ठेवतो. पण डावी कडा लवकर वळायला लागली आणि उजवी उशिरा, तर रीड सरळ न मिटता पिळली जाते, एका कोपऱ्यातून हवा निसटत राहते आणि रीड नळीचं ऐकायचं सोडून स्वतःचाच सूर लावते.

हे मोजायचं साधन आपल्या प्रत्येक गॅरेजमध्ये आहे. मोटरसायकलचे टॅपेट सेट करायला मेकॅनिक जे फिलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांचा जुडगा, वापरतो, तेच. सोबत अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा कोरलेली काचेची जाड पट्टी लागते. काच फेसिंगवर ठेवायची, माउथपीस उभा धरायचा आणि फिलरचं पातं टोकाकडून अलगद आत सोडायचं. ढकलायचं नाही, स्वतःच्या वजनाने जिथे अडकेल तिथे रेघ वाचायची. अमेरिकेत इंडियाना राज्यातलं एल्खार्ट हे बँडच्या वाद्यांचं गाव, तिथल्या एरिक ब्रँड यांच्या नावाने ओळखली जाणारी पात्यांची जोडणी आजही प्रमाण मानतात. इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं तर ही पाती दीड, १०, २४ आणि ३४ जाडीची. दीडचं पातं म्हणजे ०.०३८ मिलिमीटर. चांगल्या माउथपीसवर ती ३४, २२, १२ आणि ६ अशा रेघांच्या आसपास अडकतात. रेघा अर्ध्या मिलिमीटरच्या, म्हणून ३४ म्हणजे टोकापासून १७ मिलिमीटर.

आमच्या मुलाच्या माउथपीसवर दीडचं पातं डावीकडे ३४ वर थांबलं आणि उजवीकडे ३० वर. दोन मिलिमीटरचा फरक. मी ते त्याला त्याच्याच डोळ्यांनी वाचायला लावलं. नजरेच्या गोष्टीबद्दल त्यानंतर आमच्यात काही बोलणं झालं नाही, पण मला इथे बोलायचंय. काळ्या दोऱ्याने वाद्याचं काही बिघडत नाही, बिघडतं ते शोधायचं थांबल्यामुळे. लग्नसराईतले तीन आठवडे म्हणजे या मुलांच्या वर्षाच्या कमाईतला केवढा तरी मोठा वाटा.

तितकाच राग मला सोन्याचा मुलामा दिलेले आणि 'अतिशीत प्रक्रिया' केलेले माउथपीस विकणाऱ्या जाहिरातींचा येतो. अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी १९७१ साली चांदी, तांबं आणि लाकूड अशा वेगवेगळ्या द्रव्यांच्या, पण आतून एकसारख्या बासऱ्या वाजवून घेतल्या. न बघता ऐकणाऱ्यांना, खुद्द वादकांनाही, त्या ओळखता आल्या नाहीत. माउथपीसचा पदार्थ महत्त्वाचा आहेच, पण तो घासताना किती नेमका आकार धरतो आणि दाताला कसा लागतो यासाठी. हवेला दिसतो तो फक्त आकार.

दुरुस्तीला आम्ही रविवारी सकाळी बसलो. १० मिलिमीटर जाडीची काच, तिच्यावर पाण्याने चिकटवलेला ६०० नंबरचा वॉटर पेपर. एबोनाइट नेहमी ओलंच घासावं, त्याची कोरडी भुकटी छातीत जाऊ देऊ नये. आधी टेबल. त्यावर पेन्सिलने बारीक आडव्या रेघा मारल्या आणि सरळ, एकाच दिशेने चार घासे दिले. उजवीकडच्या रेघा पुसल्या गेल्या, डावीकडच्या तशाच. म्हणजे बैठकच तिरकी झाली होती. सगळ्या रेघा पुसल्या जाईपर्यंत घासलं, तेव्हा टोकाची फट ०.०६ मिलिमीटरने कमी झाली. होणारच, कारण टेबल घासून खाली गेलं की रीड टोकाच्या तेवढी जवळ येते.

मग वळण. माउथपीस पेपरवर टेकवून मागे ओढायचा आणि ओढता ओढता मागची बाजू उचलत न्यायची, म्हणजे टेकण्याची जागा टेबलाकडून टोकाकडे सरकत जाते. मनगटाची ही एकच हालचाल शिकायला मला दोन वर्षं आणि सात-आठ जुने माउथपीस लागले. जिथे वळण उंच तिथे बोटाचा दाब, बाकी नुसतं वजन. दोन घासे, पुसणं, चारही पाती, दोन्ही बाजू, वहीत आकडे. पुन्हा दोन घासे. काढलेलं एबोनाइट परत लावता येत नाही, त्यामुळे शेवटची अर्धी रेघ १००० नंबरच्या पेपरवर. टोकाच्या आतल्या उताराला, म्हणजे बॅफलला, मी हात लावला नाही. तिथे सुई-कानशीचा एक घास जास्त बसला तर आवाजाची धारच जाते, आणि त्याचा तो लखलखीत आवाज बँडला हवाच असतो.

दुपारी दीडच्या सुमाराला डावीकडे ३४, उजवीकडे ३४. रीड बसवून त्याने मागचं भोक तळहाताने बंद केलं आणि पुढून हवा ओढून घेतली. रीड चिकटली आणि क्षण, दोन क्षण तशीच राहिली. मग 'टप्' करून सुटली. कुठूनच हवा निसटत नव्हती. त्याने खालच्या सुरापासून वरपर्यंत एकदा सावकाश जाऊन पाहिलं, मग भूपाच्या चार ताना घेतल्या. वही मागून घेतली, चिठ्ठीवर ३४, २२, १२, ६ असे आकडे उतरवले आणि पेटीच्या झाकणाला आतून चिकटवले. खाली त्यानेच लिहिलं : गार पाण्यानेच धुणे.