पार्श्वभूमी : द्विपद बेरजेतला तो अर्धा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांत टेबलावर कॉम्प्युटर नव्हते, तेव्हा आवक मालाच्या तपासणीत असा हिशेब लागे : लॉटमधून 50 रबरी सील काढायची, सदोष 2 पर्यंत निघाली तर लॉट पास. मालात 2 टक्के खराबी असेल, तर पास होण्याची संभाव्यता किती? 0, 1 आणि 2 सदोष निघण्याच्या संभाव्यता, अशा तीन पदांची द्विपद बेरीज, उत्तर 0.922. पण नमुना 500 चा आणि मर्यादा 20 ची असली की 21 पदे. म्हणून छापील तक्ते, आणि तक्त्यात नसेल तिथे सन्निकट सूत्रे.

सूत्रे जुनी आहेत. लंडनमध्ये राहणाऱ्या एका फ्रेंच निर्वासित गणितज्ञाने 1733 मध्ये नाणेफेकीच्या बेरजा घंटाकृती वक्रावर बसवल्या. दुर्मीळ घटनांसाठीचे पॉयसाँ सूत्र 1837 चे.

पूर्णांकांची बेरीज सलग वक्रावर बसवताना सीमा अर्ध्याने सरकवावी लागते, तिला ‘सातत्य दुरुस्ती’ म्हणतात. घोळ झाला तो या शब्दाने. दुरुस्ती म्हटले की वरची रंगसफेदी वाटते, आणि ‘नमुना मोठा असल्यास सोडून द्यावी’ ही सूट मिळाली की मुले ती सरसकट सोडतात. ही सूट देणेच मला चुकीचे वाटते. 10 नाणी उडवा. छाप जास्तीत जास्त 3 येण्याची संभाव्यता 1024 पैकी 176, म्हणजे 0.172. वक्रात 3 घातले तर 0.103 येते, 3.5 घातले तर 0.171. कारण साधे आहे : स्तंभालेखात 3 चा स्तंभ 2.5 पासून 3.5 पर्यंत पसरतो, आणि आपल्याला तो अख्खा हवा असतो. ‘3 पेक्षा कमी’ म्हटले की तो अख्खा वगळायचा, म्हणून 2.5. ‘किमान 3’ लाही सीमा 2.5 च, फक्त बाजू उजवी. वहीत दोन स्तंभ काढले की पाठांतर लागत नाही.

अर्धा सगळीकडे तारत नाही, हेही खरे. सीलच्या लॉटला तो न घेता 0.844 येते, घेतला तर 0.935. सरासरी सदोष सील एकच आणि डावीकडे शून्याची भिंत, तिथे सममित वक्र कसा बसणार? पॉयसाँ 0.920 देते.

पुढे स्प्रेडशीट आली आणि तक्ते कपाटात गेले. तरी 1030 मधून 515 निवडण्याच्या प्रकारांची संख्या 309 अंकी आहे. संगणकाच्या नेहमीच्या 64 बिटी दशांश संख्येत ती मावत नाही, त्यामुळे सूत्र जसेच्या तसे टंकले तर त्रुटीच येते. तिथे लॉगॅरिथम घेऊन पदे मोजावी लागतात, नाहीतर पुन्हा घंटाकृती वक्र, अर्ध्यासकट.