काउंटर वाजला, पण युरेनियम की थोरियम?

ग्रॅनाइटजवळ गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजणारं यंत्र) नेला आणि टकटक वाढली की लगेच सगळे "युरेनियम सापडलं" म्हणून मोकळे होतात. पण नुसत्या टकटकीवरून ते कळत नाही हो, थोरियम असलं तरी काउंटर तसाच वाजतो, आणि अग्निज खडकांत बहुतेक वेळा थोरियमच जास्त असतं, साधारण युरेनियमच्या तीन-चार पट.

दोघांची गल्लत होण्यामागे कारण आहे. मॅग्मात, म्हणजे वितळलेल्या खडकात, दोघंही +4 चार्जवर असतात, आकारही जवळपास सारखा, आणि ऑलिव्हिन, पायरॉक्सिन, फेल्डस्पार अशा नेहमीच्या खनिजांत दोघांनाही जागा मिळत नाही. मग मॅग्मा थंड होत जातो तसे हे दोघं उरलेल्या द्रवात साठत जातात आणि शेवटी ग्रॅनाइट, सायनाइट, पेग्मटाइट अशा खडकांत येऊन बसतात. म्हणून बेसॉल्टमध्ये युरेनियम बहुतेकदा 1 पीपीएमच्याही (दहा लाख भागांत एक भाग) खाली आणि ग्रॅनाइटमध्ये 4 च्या आसपास.

इथपर्यंत जोडी पक्की. ऑक्सिजन असलेलं पाणी आलं की फाटाफूट. युरेनियम +4 वरून +6 वर जातं, युरेनिल आयन बनतो, तो पाण्यात विरघळतो आणि वाहत कुठल्या कुठे जातो, मग वाटेत ऑक्सिजन संपलेली जागा लागली की तिथे पुन्हा जमा होतो. थोरियमला +6 ची सोयच नाही, ते आहे तिथेच खनिजात अडकून राहतं. त्यामुळे युरेनियमचे साठे मूळ ग्रॅनाइटपासून लांब, वालुकाश्मातसुद्धा मिळतात, आणि थोरियम मात्र खडक झिजल्यावर जड मोनाझाइटच्या दाण्यांतून नदी-समुद्राच्या वाळूत पोचतं.

मोनाझाइट म्हणजे सिरियम, लँथनम, निओडिमियम वगैरे हलक्या रेअर अर्थ धातूंचं फॉस्फेट. त्यात थोरियम सहज घुसतं, कित्येक टक्के, युरेनियम त्यामानाने फार कमी. म्हणजे रेअर अर्थच्या मागे थोरियम आलंच समजा. कॅलिफोर्नियातला माउंटन पासचा साठा 1949 मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांनाच सापडला, काउंटर वाजला म्हणून बघायला गेले आणि हाती लागलं कार्बोनेटाइट नावाच्या अग्निज खडकातलं बॅस्टनेसाइट, म्हणजे रेअर अर्थचं खनिज, किरणोत्सर्ग होता तो मुख्यतः थोरियमचा!

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ज्याकडे पीपीएमचे आकडे बघणारे हमखास दुर्लक्ष करतात. दोन ग्रॅनाइटमध्ये युरेनियम अगदी सारखं असलं तरी दोघांची किंमत सारखी नसते, ते कुठल्या खनिजात बसलंय आणि तिथून किती सहज सुटतं यावर सगळं ठरतं. ॲल्युमिनियम जास्त, कॅल्शियम कमी अशा ग्रॅनाइटच्या मॅग्मात मोनाझाइट फारसं विरघळत नाही, ते आधीच स्फटिक होऊन थोरियम घेऊन जातं, मागे उरलेलं युरेनियम स्वतःचं खनिज बनवतं, युरेनिनाइट, काळं, भयंकर जड आणि सहज विरघळणारं. नामिबियातल्या रॉसिंगच्या अलास्काइट नावाच्या फिकट ग्रॅनाइटमध्ये मुख्य मूळ खनिज तेच. उलट सोडियम-पोटॅशियमने भरलेल्या अल्कलाइन खडकांत दोघंही शेवटपर्यंत एकत्र राहतात आणि युरेनियम थोराइट किंवा पायरोक्लोरसारख्या खनिजांत कोंडलं जातं. ग्रीनलंडमधल्या क्वानेफेल्डला तर युरेनियम, थोरियम, रेअर अर्थ तिन्ही स्टीनस्ट्रुपिन नावाच्या एकाच खनिजात आहेत, आता ते वेगळं काढत बसा. (थोराइट स्वतःच्याच किरणोत्सर्गाने लाखो-करोडो वर्षांत आतून मोडतं, मग त्यातलं युरेनियम थोडं सुटायला लागतं, पण ती वेगळी गोष्ट.)

डोळ्यांनी ओळखायचं तर खडकाच्या भेगांत पिवळा किंवा हिरवट-पिवळा थर दिसला तर युरेनियमचा संशय घ्या, ऑट्युनाइट, युरेनोफेन ही त्याची दुय्यम खनिजं. थोरियम असे रंग दाखवत नाही.

खात्री हवी तर गॅमा किरणांची ऊर्जा मोजणारा गॅमा स्पेक्ट्रोमीटर लागतो. युरेनियम आणि थोरियम तुटत जाताना एकामागून एक नवी मूलद्रव्यं बनतात, त्या साखळीतल्या मूलद्रव्यांच्या किरणांवरून दोघं ओळखतात. थोरियमसाठी थॅलियम-208 ची 2.61 एमईव्ही (ऊर्जेचं एकक) ची रेषा बघतात, युरेनियमसाठी बिस्मथ-214 ची 1.76 ची. पोटॅशियमही ग्रॅनाइटमध्ये भरपूर असतं, त्याची 1.46 ची रेषा वेगळी धरावी लागते. पण इथे एक गोची आहे, बिस्मथ म्हणजे युरेनियम नव्हे, ते साखळीत रेडियमच्या खाली येतं. वरच्या झिजलेल्या खडकातलं युरेनियम पाण्याने धुऊन गेलं आणि रेडियम मागे राहिलं तर मशीन खुशाल भरपूर युरेनियम दाखवतं, म्हणून वरच्या रीडिंगवर न थांबता ताज्या खडकाचं सॅम्पल लॅबमध्ये रासायनिक तपासणीला द्यावंच लागतं.