क्लस्टरमधील शेड्यूल्ड बॅकअप आणि ऑथेंटिकेशनचे बिघाड

एकच डेटाबेस अनेक सर्व्हर मिळून सांभाळत असताना, ठरलेल्या वेळी आपोआप चालणारा बॅकअप लॉगिन नाकारले गेल्यामुळे अडतो, तो हा बिघाड. पासवर्ड खरोखरच चुकलेला असू शकतो. पण काल चाललेला जॉब (ठरलेले काम) फेलओव्हरनंतर, म्हणजे एका सर्व्हरचे काम दुसऱ्याकडे गेल्यावर, अडला, तर आधी संशय दुसरीकडे घ्यावा: डेटा नव्या नोडवर (क्लस्टरमधल्या सर्व्हरवर) पोहोचतो, खाती आणि परवानग्या पोहोचतीलच असे नाही.

मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेस प्रणालीत हे ठळकपणे दिसते. फेलओव्हर क्लस्टर इन्स्टन्स या रचनेत सिस्टिम डेटाबेस (प्रणालीची स्वतःची माहिती ठेवणारे) सामायिक स्टोरेजवर असल्याने लॉगिन सोबत जातात. ऑलवेज ऑन अव्हेलेबिलिटी ग्रुप या रचनेत मात्र प्रत्येक रेप्लिकाचे (डेटाबेसची प्रत सांभाळणाऱ्या सर्व्हरचे) ‘मास्टर’ (यात लॉगिन असतात) आणि ‘एमएसडीबी’ (यात जॉब असतात) हे सिस्टिम डेटाबेस वेगळे असतात. त्यामुळे लॉगिन आणि एजंटचे, म्हणजे एसक्यूएल सर्व्हरच्या शेड्यूलरचे, जॉब प्रत्येक नोडवर स्वतंत्रपणे तयार करावे लागतात. (२०२२ च्या आवृत्तीतल्या, लॉगिन आणि जॉब सोबत नेणाऱ्या कंटेन्ड ग्रुपमुळे ही कटकट बरीच कमी झाली.) दुसऱ्या नोडवर त्याच नावाचे एसक्यूएल लॉगिन हाताने बनवले, तरी त्याचा एसआयडी (लॉगिनचा अंतर्गत ओळख क्रमांक) निराळा पडतो आणि डेटाबेसमधला यूजर अनाथ होतो, म्हणजे त्याला जुळणारे लॉगिनच उरत नाही. म्हणून लॉगिन बनवताना मूळ एसआयडी देणे आवश्यक.

लॉगिन नाकारल्याचा एरर क्रमांक १८४५६ येतो तेव्हा क्लायंटला मुद्दामच मोघम माहिती मिळते. खरा ‘स्टेट’ (कारण सांगणारा आकडा) सर्व्हरच्या एरर लॉगमध्ये असतो: ५ म्हणजे असे लॉगिनच नाही, ८ म्हणजे पासवर्ड जुळला नाही, ३८ म्हणजे मागितलेला डेटाबेस उघडता आला नाही. तपास इथूनच सुरू करावा; त्याआधी पासवर्ड बदलत सुटणे म्हणजे चालू असलेले इतर जॉबही बंद पाडणे. शिवाय लॉग वाचायचा तो त्या वेळी जोडणी ज्या नोडवर गेली त्या नोडचा.

बॅकअपची फाइल नेटवर्क शेअरवर जात असेल तर आणखी एक ओळख मध्ये येते. ती फाइल जॉबचा मालक लिहीत नाही, डेटाबेस इंजिनचे सर्व्हिस अकाउंट (इंजिन ज्या खात्याने चालते ते) लिहिते. ऑपरेटिंग सिस्टिमचा एरर ५ म्हणजे त्या अकाउंटला प्रवेश नाही. नोडनिहाय अकाउंट वेगळी असतील तर शेअरवर सगळ्यांना परवानगी लागते.

पोस्टग्रेएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस प्रणालीत रोल (खाती) स्ट्रीमिंग रेप्लिकेशनने, म्हणजे बदल सतत पाठवत राहण्याने, प्रायमरीवरून (मुख्य सर्व्हरवरून) स्टँडबायवर (राखीव सर्व्हरवर) जातात, पण कोणाला कुठून जोडू द्यायचे हे ठरवणाऱ्या ‘पीजी_एचबीए.कॉन्फ’ फाइलमधले बदल जात नाहीत. बॅकअप सर्व्हरचा पत्ता जुन्या प्रायमरीवरच नोंदवलेला असेल, तर नवा प्रायमरी त्याला दारातूनच परत पाठवतो. पासवर्ड ठेवणाऱ्या ‘.पीजीपास’ फाइलची परवानगी ०६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येणे) पेक्षा सैल असली की लिनक्सवर ती फाइल वापरलीच जात नाही.

मायएसक्यूएल या तिसऱ्या प्रणालीतला बिघाड सर्वांत फसवा. ८.० पासून ‘कॅशिंग_एसएचए२_पासवर्ड’ ही पासवर्ड तपासण्याची डीफॉल्ट पद्धत आहे आणि तिचा कॅशे (आधी यशस्वी झालेल्या लॉगिनची तात्पुरती नोंद) प्रत्येक सर्व्हरच्या मेमरीत असतो. टीएलएसशिवाय (जोडणी एन्क्रिप्ट न करता) जोडणारी स्क्रिप्ट कॅशे भरलेला असेपर्यंत बिनबोभाट चालते. फेलओव्हरनंतर नव्या सर्व्हरवर तो रिकामा असला की ती अडते. मग कोणी त्याच खात्याने टीएलएसवरून एकदा लॉगिन करून पाहतो, कॅशे भरतो, बॅकअप चालू होतो आणि प्रकरण मिटल्यासारखे वाटते. पुढच्या रीस्टार्टला ते परत उभे राहते. उपाय म्हणजे स्क्रिप्टमध्येच टीएलएस सक्तीचे करणे.

स्वतःच्या ॲडमिन खात्याने बॅकअप घेऊन पाहणे ही चाचणी नव्हे. जॉब ज्या खात्याने चालतो त्याच खात्याने, शेड्यूलरमधूनच, नियोजित फेलओव्हर करून प्रत्येक नोडवर तो चालवून पाहावा लागतो.