कथलाचे सपाट सैनिक

कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूत ओतलेली, जेमतेम मिलिमीटरभर जाडीची, हाताने रंगवलेली ऐतिहासिक सैनिकाची लघुप्रतिमा. जर्मन भाषेत तिला त्सिनफिगुर म्हणतात. पायदळातला सैनिक साधारण ३० मिमी. उंच असतो. समोरून तो भरदार, कमावलेल्या अंगाचा दिसतो आणि कडेने पाहिला तर पत्र्याची एक रेघ उरते. अंगावरचा सगळा गोलवा रंगाने आणलेला असतो, म्हणून या कलेत ओतकाम सोपे आणि रंगकाम अवघड मानावे लागते.

अठराव्या शतकात जर्मनीतील न्यूरेंबर्ग व शेजारचे फ्यूर्थ येथे कथलाची ताटे-पेले घडवणाऱ्या कारागिरांनी हा जोडधंदा वाढवला. आपल्याकडे कथील ओळखीचे ते कल्हईमुळे. मंद आचेवर चटकन वितळणारा हा धातू बारीक नक्षीच्या साच्यात सहज उतरतो, आणि त्याच गुणावर हा धंदा उभा राहिला. योहान गॉटफ्रीट हिल्पर्ट हे या काळातले मोठे नाव. प्रशियाचा राजा दुसरा फ्रीड्रिख याच्या युद्धांमुळे सैनिकांना मागणी आली होती. हिल्पर्टने १७७७ मध्ये खुद्द राजाचीच प्रतिमा काढली. पुढे एर्न्स्ट हाइन्रिक्सेन याने १८३९ मध्ये न्यूरेंबर्गला कारखाना घातला आणि काही वर्षांत सुमारे ३० मिमी. हे माप रूढ केले. एका कारखान्याचे घोडदळ दुसऱ्याच्या पायदळाशेजारी शोभू लागले ते यामुळेच.

तेव्हा हे सैनिक पातळ लाकडी डब्यांत भरून वजनावर विकले जात. रंगवण्याचे काम घरोघरी बायका आणि मुले तुटपुंज्या मजुरीवर करीत. निळा कोट, पांढरी विजार, गुलाबी तोंड. प्रत्येक रंगाचा एकच सपाट हात, की पुढचा सैनिक. या खेळण्यांच्या इतिहासात कारखानदारांची नावे टिकली, रंगवणाऱ्यांची टिकली नाहीत. विसाव्या शतकात मोठी माणसे संग्राहक म्हणून पुढे आली, १९२४ मध्ये लाइपझिगला ‘क्लिओ’ ही त्यांची संघटना निघाली आणि छायाप्रकाशासह रंगवण्याची रीत प्रतिष्ठित झाली.

साचा पाटीच्या दगडाचा असतो. दोन गुळगुळीत फरश्यांवर आकृतीच्या दोन बाजू उलट्या कोरतात. बटणाच्या जागी टोचा, घडीच्या जागी उतरता खाचा. कोरणाऱ्याच्या हाताची उंची-खोली चुकली, तर रंगाऱ्याला ती पुरती सावरता येत नाही. ओतलेल्या प्रतिमेच्या कडेला सांध्यातून सुटलेला पापुद्रा चाकूने व बारीक कानशीने काढतात, प्रतिमा साबणाच्या पाण्याने धुतात आणि वर पांढरे अस्तर देतात.

आता मुख्य प्रश्न प्रकाशाचा. उभ्या माणसावर पडणारा उजेड टोपीखाली, काखेत, कोटाच्या घडीत सावल्या पाडतो. ३० मिमी.च्या पत्र्यावर त्या पडत नाहीत, पडल्या तरी डोळ्याला लागत नाहीत. म्हणून रंगारी प्रकाशाची एक दिशा ठरवतो, बहुधा वर-डावीकडची, आणि सावल्या रंगानेच पाडतो. त्यासाठी जुन्या वळणाचे रंगारी तैलरंग वापरतात. ते सावकाश वाळतात, त्यामुळे गडद आणि उजळ छटा ओलसर असतानाच कोरड्या कुंचल्याने एकमेकींत मिसळता येतात. मात्र तैलरंग चकाकतो, आणि चकाकी ही लघुप्रतिमेची वैरीण. म्हणून रंग आधी पुठ्ठ्यावर पिळून ठेवतात. पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो. घोड्यासाठी एक जुनी युक्ती आहे. पिवळट-नारिंगी थर वाळल्यावर त्यावर गडद तपकिरी तैलरंग फासायचा आणि चिंधीने पुसून काढायचा. खोलगट भागात रंग राहतो, स्नायूंच्या उंचवट्यांवर उजळ थर दिसू लागतो. तलवारीला किंवा पितळी बटणाला चंदेरी-सोनेरी रंग लावण्याचे अनेकजण टाळतात, कारण तो खोलीतला खरा उजेड परतवतो आणि रंगवलेला उजेड खोटा पाडतो. त्याऐवजी पिवळी माती, तपकिरी आणि पांढऱ्याचा एक ठिपका एवढ्यात पितळ उभे करतात.

अंतराचा हिशोबही लागतो. ३० मिमी.चा सैनिक खऱ्या माणसाच्या सुमारे साठाव्या हिश्शाचा. तो ३० सेंमी.वरून पाहणे म्हणजे माणूस १८ मी.वरून पाहणे. एवढ्या अंतरावर डोळ्यातला पांढरा भाग दिसत नाही, भुवईखालची सावली दिसते. तरीही टपोरे डोळे रंगवण्याचा मोह फार जणांना आवरत नाही, आणि सैनिक दचकल्यासारखा दिसतो. शुद्ध काळा टाळण्याचे, गडद निळा किंचित उजळ करण्याचे कारणही हे अंतरच. दुरून गडद रंग फिके वाटतात.

गणवेशाच्या अचूकतेवर संग्राहक तासन्‌तास भांडू शकतात. रिखार्ड क्नोटेल या चित्रकाराने १८९० पासून काढलेली हजारांहून अधिक गणवेशचित्रे आजही आधार म्हणून उघडली जातात. पण नियमातला गणवेश आणि अंगावरचा गणवेश एक नसे. ब्रिटिश नाकेबंदीमुळे नीळ मिळेनाशी झाली तेव्हा नेपोलियनने १८०६ मध्ये पायदळाला पांढरे कोट द्यायचे ठरवले. काही पलटणींना ते मिळाले आणि १८०७ मध्ये बेत मागे पडला. त्यामुळे ‘फ्रेंच म्हणजे निळा’ हे गणित त्या दोन वर्षांपुरते चुकू शकते. मोहिमेवरच्या सैनिकाच्या विजारीला ठिगळ रंगवणारा रंगारी कोऱ्या कपड्यांत सैन्य उभे करणाऱ्यापेक्षा खऱ्याच्या जवळ जातो.

मांडणीत सपाटपणा लपवणे हेच कसब. दृश्य पुढून उघड्या, तीन बाजूंनी बंद पेटीत मांडतात, म्हणजे पाहणाऱ्याला कडेने डोकावता येत नाही. मागच्या रांगांत लहान मापाचे सैनिक ठेवले की मैदान खोल वाटते. पायाखालची पट्टी माती व वाळलेल्या शेवाळाखाली पुरतात. पेटीतला दिवा रंगवलेल्या प्रकाशाच्या बाजूनेच यावा लागतो. म्हणून सैनिक डावीकडे तोंड करून उभा राहणार की उजवीकडे, हे कुंचला उचलण्याआधी ठरते. दिवाळीतल्या आपल्या मातीच्या किल्ल्यावर याच्या नेमके उलट असते. तिथे मावळा बुरुजाएवढा आणि महाराज त्याहून मोठे असतात. माप मानावर ठरते, अंतरावर नाही.

बव्हेरियातील कुल्मबाखच्या प्लासेनबुर्ग किल्ल्यात या प्रतिमांचे जगातले सर्वांत मोठे संग्रहालय आहे. तेथे सुमारे तीन लाख प्रतिमा आहेत. १५५३ मध्ये झालेल्या कुल्मबाखच्या विध्वंसाच्या दृश्यात १९,००० हून अधिक प्रतिमा आहेत. विषम सालांच्या ऑगस्टमध्ये शहरात संग्राहकांचा बाजार भरतो आणि न रंगवलेले चकचकीत सैनिक तिथे खोक्यांतून विकले जातात.

जतनात सर्वांत मोठा धोका कपाटाचा. ओकसारख्या लाकडातून, काही प्लायवुड व गोंदांतून आम्लाची वाफ सुटते. बंद काचेआड ती साचली की शिशावर पांढरी भुकटी धरते. हा शिशाचा क्षार धातू आतून पोखरतो आणि वरचा रंग पापुद्र्यासारखा उचलला जातो. म्हणून काच आणि धातूचे, थोडी हवा खेळणारे कपाट चांगले. शिसे पोटात जाऊ नये, यासाठी कानस चालवल्यावर हात धुणे आणि कुंचल्याचे टोक ओठांत न धरणे, या दोन सवयी लहान मुलांना हे काम शिकवताना पहिल्याच दिवशी लावतात.