डाल्मेशियाची ऐतिहासिक नगरे व बेटे

क्रोएशिया या दक्षिण यूरोपीय देशाच्या एड्रिॲटिक किनाऱ्यावरील डाल्मेशिया या भागातील प्राचीन व मध्ययुगीन नगरांचा आणि त्यांच्या समोरील बेटांचा समूह. उत्तरेस झादरपासून दक्षिणेस डुब्रॉव्हनिकपर्यंत तो पसरला आहे. दिनारिक पर्वताच्या रांगा येथे किनाऱ्याला समांतर धावतात. हिमयुगानंतर समुद्राची पातळी वाढून खालच्या रांगा बुडाल्या व त्यांचे माथे तेवढे वर उरले. म्हणून बहुतेक बेटे लांबट, चुनखडकाची आणि किनाऱ्याशी समांतर आहेत. बेटुकल्या व खडक धरून त्यांची संख्या हजारावर जाते. कायम वस्ती मात्र पन्नासाच्या आसपास बेटांवरच आढळते. बेटांच्या आडोशाने चालणारा जलमार्ग वादळापासून सुरक्षित असल्याने ग्रीक, रोमन, बायझंटिन व व्हेनिशियन या सर्वांना तो हवा होता. येथील नगरांचा इतिहास बव्हंशी या चढाओढीचा इतिहास आहे.

स्प्लिट : रोमन सम्राट डायोक्लीशन याने सु. इ. स. 295 ते 305 या काळात बांधलेल्या राजवाड्यातच हे शहर वसले. आयताकृती, चार दरवाजांचा व कोपऱ्यांवर बुरूज असलेला हा वाडा सुमारे 215 × 180 मी. आहे. त्याचे मूळ प्रयोजन काय, याविषयी मतभेद आहेत. राज्यत्याग केलेल्या सम्राटाचे निवासस्थान हे रूढ मत. पण उत्तरेकडील निम्म्या भागाची रचना लष्करी छावणीसारखी आहे. शिवाय उत्तर रोमन काळातील अधिकाऱ्यांच्या एका यादीत या ठिकाणच्या सरकारी वस्त्रशाळेचा उल्लेख येतो. त्यावरून काही अभ्यासक वाड्याच्या काही भागात आरंभापासूनच कापडाचा कारखाना होता, असे मानतात. ती यादी मात्र डायोक्लीशनच्या बऱ्याच नंतरची आहे. तेव्हा कारखाना मागाहून आला असणे अधिक संभवनीय दिसते. सातव्या शतकात जवळचे सालोना नगर उद्ध्वस्त झाल्यावर तेथील लोक वाड्याच्या तटाआड आले आणि दालनांची घरे झाली. सम्राटाच्या अष्टकोनी समाधिमंदिराचे कॅथीड्रल झाले व ते सेंट डॉम्नियस या बिशपच्या नावे ओळखले जाऊ लागले. परंपरेनुसार हा बिशप डायोक्लीशनच्याच अमदानीतील ख्रिस्ती लोकांच्या छळात मारला गेला. इतिहासाने घेतलेला इतका चोख सूड क्वचितच पाहायला मिळतो. या कॅथीड्रलची अक्रोडाच्या लाकडाची कोरीव दारे आंद्रिया बुव्हिना याने 1214 मध्ये घडविली. त्यांवर ख्रिस्तचरित्रातील 28 प्रसंग आहेत. पुढील चौकात ईजिप्तहून आणलेला काळ्या दगडाचा स्फिंक्स आहे.

ट्रोगिर व शिबेनिक : मुख्य भूमी आणि चिओव्हो बेट यांच्यामधील चिमुकल्या बेटावर ट्रोगिर वसले आहे, दोन्हीकडे पूल आहेत. कॅथीड्रलचे कोरीव महाद्वार शिल्पकार राडोव्हान याचे असून त्यावर 1240 हे वर्ष कोरलेले आहे. शिबेनिकचे सेंट जेम्स कॅथीड्रल 1431 मध्ये सुरू होऊन शतकभराने पूर्ण झाले. त्याचे छत चुना-गारा न वापरता दगडी फरश्या एकमेकींत अडकवून रचले आहे. बाहेरील भिंतीवर 71 मानवी मुखे कोरलेली आहेत. ती तत्कालीन नागरिकांची असावीत.

डुब्रॉव्हनिक (रागूसा) : या नगराच्या स्थापनेचा प्रश्न शतकभराहून अधिक काळ चर्चेत आहे. बायझंटिन सम्राट सातवा कॉन्स्टंटीन याच्या दहाव्या शतकाच्या मध्यातील ग्रंथानुसार, स्लाव्ह टोळ्यांनी एपिडॉरम (आजचे त्साव्ह्तात) उद्ध्वस्त केल्यावर तेथील लोकांनी समुद्रातील कड्यावर हे नगर वसविले. ही घटना सामान्यतः सातव्या शतकाच्या आरंभी धरली जाते. परंतु तोच ग्रंथ, हे स्थलांतर होऊन आपल्या काळापर्यंत 500 वर्षे झाली, असे सांगतो. तो हिशेब धरला तर स्थापना पाचव्या शतकाच्या मध्याजवळ जाते. हा आकडा नकलनविसाची चूक म्हणून सोडून देण्याचा प्रघात होता. 1979 च्या भूकंपानंतर दुरुस्तीच्या वेळी कॅथीड्रलखाली उत्खनन झाले, तेव्हा जुन्या बायझंटिन धर्तीच्या चर्चचे अवशेष सापडले व वादाला नवे वळण लागले. या चर्चचा काळ काही जण सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात, तर काहींच्या मते ते बरेच नंतरचे आहे. तरीही निर्वासित येण्यापूर्वीच येथे एखादी बायझंटिन गढी व लहानसे बंदर होते, हे मत आता अधिक ग्राह्य वाटते. निर्वासितांची कथा त्याने खोटी ठरत नाही. ती नगराच्या जन्माची नव्हे, वाढीची कथा ठरते. आजचा मुख्य रस्ता स्त्रादून येथे पूर्वी समुद्राची चिंचोळी पट्टी होती व ती बुजवून दोन वस्त्या जोडल्या गेल्या, ही परंपरा मात्र सर्वसाधारणपणे मान्य आहे.

1358 मध्ये व्हेनिसचे वर्चस्व झुगारल्यावर रागूसाचे प्रजासत्ताक नावाला हंगेरीच्या व पुढे ऑटोमन सुलतानाच्या छत्राखाली राहिले. सुलतानाला दरसाल 12,500 सुवर्ण दुकाती खंडणी देऊन त्याने बाल्कन प्रदेशातील व्यापार आपल्या हाती राखला. प्रमुखाची (क्नेझ) मुदत फक्त एक महिना असे. रोगग्रस्त प्रदेशातून येणाऱ्यांना नगरात येण्यापूर्वी 30 दिवस बाहेर थांबविण्याचा 1377 चा ठराव हा विलगीकरणाचा सर्वांत जुना ज्ञात कायदा समजला जातो. त्यात मुक्कामासाठी म्रकान ही बेटुकली व त्साव्ह्तात ही ठिकाणे नेमून दिली होती. 6 एप्रिल 1667 च्या भूकंपात नगराचा मोठा भाग कोसळला. आजच्या बहुतेक इमारती त्यानंतरच्या आहेत. 1808 मध्ये फ्रेंचांनी प्रजासत्ताक बरखास्त केले. तटबंदीचा घेर 1,940 मी. असून ती चालत फिरता येते. यूगोस्लाव्ह सैन्याच्या 1991–92 च्या वेढ्यात जुन्या नगरावर तोफगोळे पडले. त्यानंतर बसविलेली कौले जुन्यांहून अधिक लालभडक असल्याने तटावरून पाहताना ती वेगळी कळून येतात. समोरच्या लोक्रुम बेटावर बेनेडिक्टिन मठाचे अवशेष आहेत.

नगराचा रक्षक संत व्लाहो (सेंट ब्लेझ) याचा उत्सव 3 फेब्रुवारीस होतो. गोव्यात तिसवाडीतील गवंडाळी येथील सांव ब्राझ चर्च याच संताचे आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आश्रयाने आलेल्या रागूसाच्या व्यापाऱ्यांनी ते उभारले, असे क्रोएशियन अभ्यासक मानतात. त्या काळी रागूसाचे लोक गोव्यात होते यात शंका नाही; परंतु तेथे त्यांची हजारोंची वसाहत होती, हा दावा जपूनच घ्यावा लागतो.

स्टोन येथील सुमारे 5.5 किमी.ची तटबंदी रागूसाने मिठागरांच्या रक्षणासाठी बांधली. 1699 मध्ये व्हेनिसची सरहद्द आपल्याला भिडू नये म्हणून रागूसाने नेऊम हा किनारपट्टीचा तुकडा ऑटोमनांना मिळू दिला. आज तो बॉस्निया-हर्झेगोव्हिनात असल्याने डुब्रॉव्हनिकला खुष्कीने जाताना दुसरा देश ओलांडावा लागे. 2022 मध्ये पेल्येशाट्स पूल खुला झाल्याने ती अडचण संपली.

कोर्चुला : या बेटावरील लुंबार्डा येथे सापडलेला ग्रीक शिलालेख (इ. स. पू. चौथे–तिसरे शतक) वसाहतकारांना जमीन वाटून दिल्याची नोंद करतो. नगराच्या गल्ल्या माशाच्या काट्याप्रमाणे मधल्या रस्त्याला जोडलेल्या आहेत. पश्चिमेकडील गल्ल्या सरळ असल्याने उन्हाळी वारा आत येतो. पूर्वेकडील किंचित वळविल्याने हिवाळी बोरा वारा अडतो. येथील नगरसंहितेचा काळ परंपरेने 1214 दिला जातो. काही अभ्यासक 1265 धरतात.

मार्को पोलोचा जन्म (सु. 1254) येथे झाला, या समजुतीला समकालीन आधार नाही, तो व्हेनिसचा होता हे मत सर्वमान्य आहे. कोर्चुलाचा दावा मुख्यतः तेथील नंतरच्या कागदपत्रांत आढळणाऱ्या आडनावाच्या साम्यावर उभा आहे. सप्टेंबर 1298 मध्ये कोर्चुलाजवळ जेनोआने व्हेनिसच्या आरमाराचा पराभव केला, हे निश्चित आहे. मार्को याच लढाईत पकडला गेला, हे विधान त्याच्या प्रवासवृत्ताचा सोळाव्या शतकातील संपादक रामूझिओ याच्यामुळे रूढ झाले. दुसऱ्या एका जुन्या वृत्तांतानुसार तो आधीच, 1296 मध्ये, लायाझो (सिलिशिया, आजच्या तुर्कस्तानात) येथील चकमकीत सापडला होता. ठाण्याच्या राज्याचे व तेथील चाचेगिरीचे वर्णन करणारा म्हणून मार्को मराठी वाचकांना परिचित आहे. नगरात त्याचे म्हणून दाखविले जाणारे घर त्याच्या काळानंतरचे आहे. मोरेश्का हे येथील तलवारनृत्य पूर्वी 29 जुलैला होई. आता उन्हाळाभर पर्यटकांसाठी होते.

ह्वार : इ. स. पू. 384 च्या सुमारास पारोस बेटावरील ग्रीकांनी येथे फारोस (आजचे स्तारी ग्राद) वसविले. त्याला लागून असलेल्या मैदानाचे ग्रीकांनी सुमारे 905 × 181 मी.चे पट्टे पाडले. दगडी बांधांनी राखलेली ही आखणी अद्याप टिकून आहे व तीत द्राक्षे आणि ऑलिव्ह पिकतात. 2008 मध्ये युनेस्कोने या मैदानाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. किनाऱ्यावरील कोणत्याही राजवाड्याहून हा पुरावा अधिक बोलका आहे, पण प्रवासी तिकडे क्वचितच वळतात. ह्वार नगरात 1612 चे नाट्यगृह आहे.

इतर बेटे : म्ल्येत येथे सेंट पॉलचे जहाज फुटले, हे मत कॉन्स्टंटीनच्या ग्रंथातही आढळते; पण बहुतेक अभ्यासक माल्टाच्याच बाजूचे आहेत. बेटाच्या पश्चिम भागात 1960 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. व्हिस (प्राचीन इस्सा) ही सिराक्यूजच्या ग्रीकांची वसाहत. तेथील समुद्रात 1811 व 1866 मध्ये मोठी आरमारी युद्धे झाली. यूगोस्लाव्ह लष्करी तळामुळे व्हिस व लास्तोव्हो ही बेटे 1980 च्या दशकाच्या अखेरीपर्यंत परदेशी प्रवाशांना बंद होती.